पाच तारीख

आईच्या डोक्यावर ती टोपी पहिल्यांदा चढवली तेव्हा मला तिच्या केसांचंच जास्त वाईट वाटलं. जन्मभर खोबरेल तेल लावून चापून घातलेला अंबाडा. पण "तेल अजिबात नको, शाम्पू करून या" असं सेंटरवरच्या मुलीनं आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, म्हणून सकाळी मीच तिचे केस धुवून दिले होते. ते कोरडे, पांढरे, भुरभुरते केस बाजूला सारत ती मुलगी टोपीच्या एकेका भोकात जेल भरत होती. गार लागलं की आई खांदे आखडून घ्यायची. समोर स्क्रीनवर एक विमान होतं. मेंदूतल्या लहरी हव्या तशा आल्या की विमान वर चढणार, मन भरकटलं की खाली येणार. एका वेळी वीस मिनिटं. अशी तीस सेशन, ३८ हजार रुपये.

"विमान वर गेलं की काय हुतंय?" आईनं विचारलं.

"तुमचं कॉन्सन्ट्रेशन वाढतं, आजी."

आई गप्प बसली. परत येताना रिक्षात म्हणाली, "विमान कशाला उडवू गं मी? मला दूध उतू जायचं थांबवायचंय."

तेव्हा मी ते वाक्य नीट ऐकलं नाही. आज लिहायला बसले आहे ती त्या वाक्यासाठीच.

अण्णा २०२२च्या श्रावणात गेले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तब्येत ठणठणीत. रात्री जेवले, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आई तेव्हा ६८ वर्षांची. भाऊ पुण्याला, मी कसबा बावड्यात. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या त्या तीन खोल्यांत आई एकटी राहिली. "माझ्याकडं चल" म्हटलं की म्हणायची, "येतो की. आधी महिना हुंदे." (आमच्याकडच्या बायका "मी येतो, मी जातो" असंच बोलतात.) महिना झाला, दिवाळी आली, ती काही आली नाही.

आणि दिवाळीच्या आसपास हे विसरणं सुरू झालं. दूध गॅसवर ठेवून समोरच उभी असायची, तरी उतू गेलेलं कळायचं नाही. आमटीत मीठ दोनदा. माझ्या मुलीला पाच मिनिटांत तीन वेळा विचारायची, "जेवलीस का?" महाद्वार रोडवर पैसे देऊन पिशवी दुकानातच ठेवून आली. एकदा बिनखांबी गणेश मंदिराजवळ उभी राहून मला फोन केला, "मी कशाला आलोय हितं, आठवंना बघ." तो आवाज मी अजून विसरलेले नाही. घाबरलेला नव्हता. त्यात कसलीच धग नव्हती, सपाट होता.

मी सगळ्यात जास्त धसका घेतला तो भिशीमुळे. गल्लीतल्या चौदा जणींची भिशी आई बावीस वर्षं चालवत होती. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकीचे दोन हजार, म्हणजे अठ्ठावीस हजार, स्टीलच्या गोल डब्यात चिठ्ठ्या, ज्या बाईची चिठ्ठी निघेल तिचे पैसे. वही होती, पण ती नावापुरती. कोणी कोणत्या महिन्यात उचलले, कोणाच्या मुलीच्या फीसाठी कोणी आपली पाळी सोडून दिली, कोणाकडून पाचशे यायचे आहेत, हे सगळं आईच्या डोक्यात. अण्णा गेल्यावर दोन महिने भिशी निघालीच नाही. मग शेजारच्या शोभामावशी वही मागायला आल्या तर आई म्हणाली, "वही कुठं ठेवलीय आठवंना. तुम्हीच बघा आता." बायकांनी एकत्र बसून आठवून आठवून हिशोब पुन्हा मांडला आणि नोव्हेंबरपासून भिशी शोभामावशींच्या घरी निघायला लागली.

आईची मोठी बहीण, माझी कागलची मावशी, शेवटची चार वर्षं स्वतःच्या मुलांना ओळखत नव्हती. त्यामुळे आई वही विसरली हे ऐकल्यावर माझ्या मनात एकच शब्द आला. तो मी कोणाजवळ बोलले नाही, रात्री मोबाइलवर शोधत बसले. एकदा असं शोधायला लागलं की जाहिराती आपोआप येतात. मेंदूचं वय मोजा. दिवसाला पंधरा मिनिटांत स्मरणशक्ती वाढवा. आधी एक ॲप घेतलं, मग राजारामपुरीतल्या त्या सेंटरची माहिती मिळाली. तिथे आईच्या मेंदूचा लाल-निळा नकाशा काढून दाखवला आणि हे भाग मंद चालतात असं सांगितलं. त्या रंगीत कागदापुढे मी प्रश्न विचारायचेच विसरले. विसरण्याचं कारण काय असेल, हे तिथे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. किती विसरते आणि किती दिवसांत सुधारेल, एवढंच बोलणं झालं.

आईनं मात्र सगळं इमानानं केलं. दुपारी चार वाजले की टॅब मांडीवर घेऊन बसायची. पालथ्या पत्त्यांखाली पक्षी असायचे, जोड्या लावायच्या. पहिल्या आठवड्यात अकराव्या लेव्हलला अडकली, तिसऱ्या आठवड्यात चाळीसच्या पुढे गेली. स्क्रीनवर फुलं उधळली जायची. मी भावाला फोटो पाठवले. त्याच आठवड्यात दुधाचं पातेलं इतकं करपलं की फेकून द्यावं लागलं. पक्ष्यांच्या चाळीस जोड्या लक्षात राहतात आणि समोरचं दूध लक्षात राहत नाही, हे काय आहे? त्या करपलेल्या पातेल्यानं मला वाचायला लावलं. मी एका सहकारी संस्थेत हिशोबनीस आहे, डॉक्टर नाही. पण आकडे आणि दावे यांचा मेळ बसतो का, हे बघायची मला सवय आहे.

मेंदू सरावानं बदलतो ही गोष्ट खरी आहे, आणि ती विलक्षण आहे. लंडनमधले टॅक्सीवाले शहरातले हजारो रस्ते पाठ करतात. २०००मध्ये त्यांच्या मेंदूंचं स्कॅनिंग झालं तेव्हा आठवणींशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस या जागेचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. आधीपासूनच मोठा असेल, अशी शंका होती. म्हणून पुढे परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचे स्कॅन सुरुवातीला आणि काही वर्षांनी असे दोनदा काढले. जे परीक्षा पास झाले त्यांच्यात तो भाग वाढला होता, जे झाले नाहीत त्यांच्यात नाही. पण टॅक्सीवाल्यांना रस्तेच पाठ करायचे होते आणि त्यांनी रस्तेच पाठ केले. पक्ष्यांच्या जोड्या लावून त्यांना रस्ते आले नाहीत.

हाच मुद्दा २०१०मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात तपासला होता. बीबीसीच्या मदतीनं ११,४३० लोकांनी सहा आठवडे कॉम्प्युटरवर मेंदूचे व्यायाम केले. जे खेळ खेळले त्यांत सगळे सुधारले. त्या खेळांशी जवळचं नातं असलेल्या दुसऱ्या चाचण्यांतसुद्धा तो फायदा उतरला नाही. तरीही जाहिराती थांबल्या नाहीत. ल्युमॉसिटी नावाचं ॲप चालवणाऱ्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं आक्षेप घेतला की, वयोमानानं येणारं विसरणं लांबणीवर पडतं असे दावे पुराव्याशिवाय केले आहेत. जानेवारी २०१६मध्ये त्या कंपनीनं २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. लोकांनी ते दावे का मानले असतील हे मला कोणी समजावून सांगायला नको. रात्री दोन वाजता घरातल्या माणसाच्या काळजीनं मोबाइल उघडून बसलेल्याला आशेपुढे काही दिसत नाही.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, हयात तालमीत गेली, आता मुलांना शिकवतात. मी त्यांना हे सांगत होते तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. म्हणाले, "जोर-बैठकांनी अंग हुतंय. पण ढाक लावायची असंल तर ढाकच घोटाय लागती. हजार जोर मारलं म्हणून डाव येत न्हाई." ११,४३० लोकांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष त्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगितला.

याचा अर्थ सगळंच फोल आहे असा मी काढत नाही, आणि कोणी काढू नये. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८३२ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. काहींना स्मरणाचं, काहींना तर्काचं, काहींना झटपट बघून ओळखण्याचं प्रशिक्षण, फक्त दहा सेशन. दहा वर्षांनंतर तपासलं तेव्हा तर्क आणि वेग या दोन गटांचा फायदा टिकून होता, स्मरणाच्या गटाचा नव्हता. रोजची कामं करताना कमी अडतं, असं मात्र तिन्ही गटांतले लोक इतरांपेक्षा जास्त सांगत होते. डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या आजारानं येणारी विस्मृती, सौम्य ते मध्यम असलेल्या लोकांसाठी इंग्लंडमध्ये गटानं करायची एक थेरपी आहे, सात आठवड्यांत चौदा बैठका. जुन्या वस्तू हाताळायच्या, गाणी, बातम्यांवर गप्पा, शब्दांचे खेळ. तिचा उपयोग दिसला आहे, तिथल्या आरोग्य यंत्रणेनं तिची शिफारस केली आहे, आणि चेन्नईत तिला आपल्याकडच्या माणसांना रुचेल असं रूप दिलं गेलं आहे. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांना लक्ष आणि स्मरणाचे व्यायाम प्रत्यक्ष कामाच्या सरावाला जोडून दिले की जास्त लागू पडतात. हे सगळं वाचताना मला जाणवलं की जिथे काही हाती लागलं आहे तिथे बहुतेक वेळा समोर दुसरी माणसं आहेत, किंवा पुढे करायचं एखादं खरं काम आहे.

आता त्या टोपीचं. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर नावाच्या मानसोपचार डॉक्टरांनी १९२४मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेची पहिली नोंद घेतली, आणि पाच वर्षांनी ती जगापुढे मांडली. या माणसाची एक गोष्ट आहे. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या चाकाखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला वाटलं की भावाला काहीतरी झालंय. तिनं वडिलांना तार करायला लावली. एकाच्या मनातलं दुसऱ्यापर्यंत कसं पोचतं, हा प्रश्न बर्गरांना जन्मभर पुरला. ते शोधत होते काही वेगळंच. हाती लागल्या या लहरी. डोळे मिटून निवांत बसलं की उमटणाऱ्या, सेकंदाला साधारण आठ ते तेरा वेळा होणाऱ्या लहरींना त्यांनीच अल्फा म्हटलं.

त्या लहरी माणसाला स्वतः कमीजास्त करता येतील का, हे पुढे १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेत बघायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियात मांजरांना विशिष्ट लय वाढवली की खायला द्यायचे. अशा शिकलेल्या मांजरांना रॉकेटच्या विषारी इंधनानं येणारे झटके उशिरा आले, आणि तिथून हे तंत्र अपस्माराच्या रुग्णांपर्यंत पोचलं. म्हणजे या शास्त्राचं मूळ खोटं नाही. पण मेंदूची लहर बदलली म्हणून माणसाचं जगणं बदलतंच असं नाही. अमेरिकेत एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) असलेल्या ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर झालेला, २०२१मध्ये छापून आलेला प्रयोग मी तीन वेळा वाचला. काही मुलांना खरं न्यूरोफीडबॅक, म्हणजे स्वतःच्याच लहरी स्क्रीनवर बघून त्या बदलायचा सराव, दिलं, काहींच्या स्क्रीनवर आधीच साठवलेल्या, भलत्याच कोणाच्या तरी लहरी दाखवल्या. कोणाला काय मिळतंय हे मुलांना ठाऊक नव्हतं, पालकांना नव्हतं, शिकवणाऱ्यांनाही नव्हतं. दोन्ही गट सुधारले. सारखेच सुधारले.

हे वाचून मला आमचे मंगळवार-शुक्रवार आठवले. सेशनच्या दिवशी आई नीट साडी नेसायची. मी ऑफिसातून लवकर निघायचे. ती सेंटरवरची मुलगी प्रेमानं विचारपूस करायची. परतताना आम्ही खासबागेत भेळ खायचो आणि आई कधीकधी अण्णांबद्दल एखादं वाक्य बोलायची. त्या दोन दिवशी तिचा चेहरा खरंच बरा असायचा. मी श्रेय विमानाला देत होते.

एप्रिल २०२३मध्ये तीस सेशन संपली. पुढचं पॅकेज घ्यायच्या आधी मी तिला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. ते आधीच करायला हवं होतं, मी पाच महिने घालवले. त्या डॉक्टर मॅडमनी पहिला पाऊण तास कुठलंही यंत्र लावलं नाही. नेहमीची ३० गुणांची चाचणी घेतली. आज वार कोणता, साल कोणतं, आपण कितव्या मजल्यावर आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. आई ९३ म्हणाली आणि थांबली. "पुढं?" "ठाऊक न्हाई." साल? "ठाऊक न्हाई." प्रयत्न न करताच. एकूण २२ गुण झाले. माझ्या पोटात गोळा आला.

मॅडमनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. अल्झायमरमधला माणूस बऱ्याचदा विसरणं झाकायला बघतो, अंदाजानं काहीतरी उत्तर देतो, घरच्यांनाच जास्त काळजी असते. खोल उदास झालेला माणूस उत्तरापर्यंत जातच नाही, "ठाऊक नाही" म्हणून मोकळा होतो, आणि "माझ्या डोक्याचं काही खरं नाही" हे स्वतःच सांगत राहतो. उदासीत लक्ष लागत नाही, आणि लक्षच लागलं नाही तर मनात काही उतरत नाही. जे उतरलंच नाही ते आठवणार कुठून? १९६१मध्ये लेस्ली किलो या डॉक्टरांनी अशा रुग्णांवर लेख लिहिला आणि 'स्यूडोडिमेन्शिया', म्हणजे डिमेन्शियासारखं दिसणारं पण तो नसलेलं विसरणं, हा शब्द रूढ झाला. मॅडमनी हेही बजावलं की उतारवयातली उदासी कधीकधी खऱ्या डिमेन्शियाची चाहूल असते, तेव्हा निर्धास्त व्हायचं नाही, दर सहा महिन्यांनी यायचं.

मग त्यांनी विचारलं, "काकू काय काय विसरतात हे तुम्ही सांगितलंत. काय विसरत नाहीत?"

मला उत्तर देता येईना. सोबत शोभामावशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाच तारीख विसरत न्हाईत. मी भिशी काढायला लागल्यापास्नं दर पाच तारखेला सकाळी नऊच्या आत चार हजार आणून देतात. त्यांचं दोन आणि काकांचं दोन. एकदा पण सांगाय लागलं न्हाई."

अण्णा भिशीत होते हे मला ठाऊकच नव्हतं. चौदा जणींत एकटा गडी, आईनंच बळंच घेतलेला. गल्लीनं त्यांची चिठ्ठी शेवटापर्यंत डब्यात तशीच ठेवली होती.

रक्ताच्या तपासणीत बी१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. आईनं पंधरा वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून घरात अंडंसुद्धा नाही. बी१२ कमी पडलं की विसरणंही येतं आणि मरगळही. थायरॉइड ठीक होतं. डावा कान जवळपास गेला होता, म्हणजे नातीला तीन वेळा विचारलेल्या "जेवलीस का"मधले दोन तरी उत्तर ऐकू न आल्यामुळे असणार. डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या आणि आपल्याला काही करता येण्यासारख्या गोष्टींची 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाची यादी आहे, २०२४मध्ये ती १४ वर गेली. तिच्यात कमी ऐकू येणं आहे, उदासी आहे, एकटेपणा आहे, बसून राहणं आहे. आमच्या घरात यातलं एकेक हजर होतं आणि मी तिला पक्ष्यांच्या जोड्या लावायला बसवलं होतं.

बी१२ची इंजेक्शनं सुरू झाली, उदासीवरची गोळी सुरू झाली, आणि दर आठवड्याला समुपदेशकांकडे जाणं. रात्री फारच जड गेलं तर फोन करायला म्हणून त्यांनी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर भिंतीवर लावायला दिला. समुपदेशकांची पद्धत साधी वाटेल अशी आहे. मन बरं झालं की कामाला लागू, असं म्हणत बसायचं नाही. आधी काम, छोटंसं, ठरलेल्या वेळी, आणि मन त्याच्या मागून येतं. हे ऐकायला उपदेशासारखं वाटतं, पण त्याला भक्कम आधार आहे, आणि तोही आपल्या शेजारच्या गोव्यातला. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासी असलेल्या ४९५ लोकांवर अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ भेटींत हेच शिकवलं. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक उदासीतून बाहेर आलेले दिसले, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांतले ३९ टक्के. २०१७मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. फोंडा घाट उतरून पुढे गेलं की गोवा, आणि मला माहिती मिळत होती ती कॅलिफोर्नियातल्या मांजरांची.

आईच्या कामांच्या वहीत पहिलं काम लिहिलं गेलं: सकाळी साडेसहाला रंकाळा. सुरुवातीला संध्यामठ दिसला की "बस झालं" म्हणून परत फिरायची. मग शोभामावशी आणि आणखी दोघी येऊ लागल्या. चालण्यानं मेंदूवर काय होतं यावरही काम झालं आहे. २०११च्या एका प्रयोगात १२० वयस्क माणसांपैकी काहींनी वर्षभर आठवड्यातून तीनदा चालायचं ठेवलं, काहींनी नुसते ताणाचे व्यायाम. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढला, दुसऱ्यांचा घटला. आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मेंदू वाढू दे न्हाईतर राहू दे, पोट साफ हुतंय."

दुसरं काम दुधाचं. भांडं ठेवलं की ओट्यापासून हलायचं नाही आणि हरिपाठ म्हणायचा. हरिपाठात तिचा एक शब्द चुकत नव्हता, सगळ्यात वाईट दिवसांतही. तो म्हणता म्हणता नजर दुधावर. हा तिचा डाव, तिनं दूध घोटूनच शिकला.

तिसरं काम समुपदेशकांनी तिलाच ठरवायला सांगितलं होतं. तीन आठवडे ती "बघतो" एवढंच म्हणत होती. मे महिन्यात एका रविवारी मी घरी गेले तर ती अण्णांच्या कपाटापुढे बसली होती. खालचा कप्पा उघडा, त्यात त्यांचे इस्त्रीचे शर्ट. तिनं शर्टांच्या तळातून वही काढली. जाड पुठ्ठ्याची, रबरबँड लावलेली.

"सापडली?" मी विचारलं.

"हरवली कवा हुती?" ती म्हणाली. "मीच ठेवली हुती. हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी."

तिनं वही उघडून माझ्यापुढे धरली. एक ते चौदा नावं, एकाखाली एक, तिच्या गोल अक्षरात. अकराव्या ओळीवर नाव नव्हतं. नुसतं 'हे' लिहिलं होतं. तिनं कधी त्यांचं नाव घेतलं नाही, वहीतही घेतलं नव्हतं. पुढच्या रकान्यांत मार्चपासून ऑगस्टपर्यंत खुणा होत्या. सप्टेंबरपासून कोरं.

"ही ओळ बघायला हुईना मला. मग वाटलं, आठवत न्हाई म्हणून सांगावं. मग खरंच कशातच ध्यान राहीना."

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. काय बोलावं सुचलं नाही. तिनं डोळे पुसले नाहीत, पेन मागितलं. नोव्हेंबरपासून मेपर्यंत कोणत्या महिन्यात कोणाची चिठ्ठी निघाली ते भराभर सांगत तिनं रकाने भरले. एका नावाशी अडली, खिडकीतून शोभामावशींना हाक मारून विचारलं, आणि पुढे गेली. डब्यात एकच चिठ्ठी उरली होती. ती काढायची गरज नव्हती, तरी पुढच्या पाच तारखेला सगळ्या बायका आमच्या घरी जमल्या आणि माझ्या मुलीनं ती काढली. त्या अठ्ठावीस हजारांतून आईचं श्रवणयंत्र आलं.

ती पूर्वीसारखी झाली असं मी म्हणणार नाही. अजून किल्ली शोधते. श्रावण जवळ आला की चारसहा दिवस बोलत नाही, आणि आम्ही आता ते तसंच राहू देतो. नोव्हेंबरच्या चाचणीत २८ गुण आले. शंभरातून सात वजा करत ती ६५पर्यंत आली आणि मॅडमनी थांबवलं नसतं तर पुढेही गेली असती. टॅबवर आता माझी मुलगी चित्रं काढते.

नव्या भिशीची वही आईनं दिवाळी पाडव्याला घातली. अकराव्या ओळीवर तिनं माझं नाव लिहिलं, मला न विचारता. या महिन्यात माझ्या ऑफिसात ऑडिट होतं, पैसे द्यायचे राहिले. सहा तारखेला सकाळी साडेसहाला फोन वाजला. मागून रंकाळ्यावरच्या बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

"काल किती तारीख हुती?" आईनं विचारलं.